अठरा फुटी होडीला कुठलं मशीन? आधी खाडी बघा, मग एचपी

घणसोलीच्या एका दादांनी विचारलंय. त्यांच्या मेहुण्यांची अठरा फुटी फायबरची होडी आहे. आजवर ती वल्ह्यांवर आणि भरती-सुकतीच्या जोरावर चालली. आता चिंबोऱ्या आणि जिताड्यासाठी वाशीच्या पुलापर्यंत जावं लागतं, सोबत दोघं-तिघं जण आणि जाळी. दुकानदार म्हणतो १५ एचपी फोर-स्ट्रोक घ्या. ओळखीतला एक जण जुनं ४० एचपी टू-स्ट्रोक स्वस्तात द्यायला तयार आहे. मेहुण्यांचा कल ४० कडे आहे, कारण त्यांच्या मते जास्तीची ताकद कधी वाया जात नाही. काय घ्यावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. ४० अजिबात नको. १५ चालेल, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही. ९.९ एचपीचं मशीन, त्याला कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा पंखा, आणि मशीन जिथे अडकवतात त्या मागच्या फळीच्या उंचीला बसणारा शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत उतरणारा दांडा, एवढं जुळलं की ही होडी उधाणाच्या सुकतीतही घरी येईल. ठाणे खाडीतल्या होड्यांची मशीनं मी गेली सव्वीस वर्षं उघडतोय. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एचपी कमी पडली म्हणून आलेले फार थोडे. शाफ्ट चुकला, पंखा चुकला, पाण्याचा पंप चिखलाने खाल्ला, अशा तक्रारी रोजच्या.

एचपीचा हिशोब पुष्कळांना उलटा वाटतो, म्हणून तिथून सुरू करतो. तुमची होडी पाणी ढकलत चालणारी आहे. पुढे एक लाट उठते, मागे एक, आणि वेग वाढेल तसं त्या दोन लाटांमधलं अंतर वाढतं. ते अंतर होडीच्या लांबीएवढं झालं की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते. नाळ वर, मागची बाजू खाली. तिथून पुढे मशीनची मूठ कितीही पिळा, पेट्रोल दुप्पट जळतं आणि वेग जेमतेम अर्धा नॉट वाढतो. ही मर्यादा काढायची रीत सोपी आहे. पाण्यात बुडालेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, म्हणजे वेग नॉटमध्ये मिळतो. अठरा फुटी होडीची पाण्यातली लांबी साधारण १६ फूट धरू. वर्गमूळ ४, उत्तर ५.३६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर. हा तुमच्या होडीचा स्वाभाविक वेग.

आता वजन. रिकामी होडी साडेतीनशे किलो धरा, तीन माणसं दोनशे, जाळी, चिंबोरीचे पिंजरे, बर्फ, नांगर मिळून शंभर, मशीन आणि पेट्रोल साठ-सत्तर. एकूण सव्वासातशेच्या आसपास. एवढं वजन १० किलोमीटरच्या वेगाने नेण्यासाठी पंख्याशी खरोखर लागणारी ताकद तीन-चार एचपी आहे. समोरचा वारा, उलटा प्रवाह आणि जास्तीचा माल यासाठी दुप्पट राखीव धरली तरी ८ ते १० एचपीत काम होतं. हीच होडी पाण्यावर चढवून पळवायची असेल, तर दर २५ किलोमागे १ एचपी धरावी लागते, म्हणजे ३० च्या घरात जावं लागतं. त्यासाठी होडीचा तळ मागे सपाट आणि रुंद असायला हवा. वल्ह्यांसाठी बांधलेल्या होडीचा तळ मागे निमुळता असतो. तिला ४० लावलं तर ती पळत नाही, मागे बसते. दुकानदाराचं १५ या दोन्हींच्या मध्ये अडकतं. पाणी ढकलायला जास्त, पाण्यावर चढवायला कमी.

जुन्या ४० चं वजन सत्तर किलो किंवा त्याहून जास्त भरतं. ते सगळं अगदी शेवटच्या फळीवर, आणि त्याच्याच शेजारी मूठ धरून बसलेला माणूस. म्हणजे दीडशे किलो होडीच्या शेपटीवर. पुढे माल नसताना, रिकामं परतताना, एखाद्या मोठ्या बोटीची लाट मागून आली तर पाणी फळीवरून थेट आत येतं. अमेरिकेत लहान होड्यांवर किती एचपीपर्यंत मशीन लावावं याचा सरकारी नियम आहे. होडीची लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. तुमची फळी ४ फूट धरली तर १८ गुणिले ४, म्हणजे ७२. मूठ हाताने धरून चालवायच्या, सपाट तळाच्या आणि कडेला धारदार कोन असलेल्या होडीला या आकड्याचा निम्मा घेऊन १५ वजा करतात. येतात २१, वरच्या पाचाच्या पटीत २५. इतर आकाराच्या तळाला तो हिशोब ३५ पर्यंत जातो. ही झाली कमाल मर्यादा, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. ४० दोन्हींत बसत नाही. आपल्याकडच्या घरगुती बांधणीच्या होड्यांवर एचपीची पाटी नसते, म्हणून हा हिशोब स्वतःच करायचा.

मेहुण्यांचा खरा प्रश्न मला कळतो. सुकतीत अडकायची भीती. ती खरी आहे. खाडी मुंबई बंदराकडे रुंद आहे आणि ठाण्याकडे अरुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे उधाणाला पाणी आत येतं तेही जोराने आणि बाहेर जातं तेही जोराने. पुलांच्या खांबांमध्ये हा जोर आणखी जाणवतो. पण त्याला किती ताकद लागेल याचा अंदाज बांधू नका, मोजा. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दुसऱ्या दिवशी, सुकती अर्ध्यावर असताना, होडी नांगरून उभी करा. नाळेजवळ नारळाचं एक सोडण पाण्यात टाका आणि ते मागच्या फळीपर्यंत यायला किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघा. १८ फूट ६ सेकंदांत गेले, तर सेकंदाला ३ फूट. सेकंदाला १.७ फूट म्हणजे १ नॉट, तेव्हा प्रवाह पावणेदोन नॉट. तीन-चार वेळा टाकून सरासरी घ्या. खांबांमध्ये मोजायचं असेल तर वाहत्या होडीतून नको, बाजूला बांधून.

समजा प्रवाह २ नॉट निघाला आणि होडी ५ नॉटने चालते. ५ किलोमीटर यायला स्थिर पाण्यात ३२ मिनिटं लागतील. उलट्या प्रवाहात ५४, प्रवाहाबरोबर २३. म्हणजे ४० एचपी नसतानाही तुम्ही घरी येता, फक्त वीस-बावीस मिनिटं उशिरा. आणि वेळ पाहून निघालात तर उशीरही होत नाही. आपल्या म्हाताऱ्यांची रीत अजून चालते. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत येईल तसं हे थोडं उशिरा होतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, प्रवाह इतका मंद असतो की ५ एचपीवालाही निवांत फिरतो.

आता शाफ्ट. सर्वात जास्त पैसे इथे बुडतात आणि मोजायला फक्त एक टेप लागतो. मशीन फळीच्या ज्या जागी अडकवणार, तिथल्या वरच्या काठापासून सरळ खाली तळाच्या सगळ्यात खालच्या रेषेपर्यंत अंतर घ्या. फळी तिरकी असेल तर तिच्या उतारावरून नको, ओळंबा सोडून उभं मोजा. १५ इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, २० च्या आसपास लाँग. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या बरोबरीत किंवा जास्तीत जास्त इंचभर खाली यायला हवी. शॉर्ट शाफ्ट उंच फळीवर लावला तर पंखा वरून हवा ओढतो. मशीन किंचाळतं, होडी ढिम्म. लाँग शाफ्ट बुटक्या फळीवर लावला तर आपल्या चिखलात तो नांगरासारखा फिरतो, कारण ओहोटीला जिथे गुडघाभर पाणी उरतं तिथे पाच इंच म्हणजे खूप. मोजमाप मधेच आलं, १७ इंच, तर फळी वरून कापण्यापेक्षा सागवानाची पट्टी बोल्टने पक्की करून उंची वाढवणं आणि लाँग शाफ्ट लावणं मला जास्त सुरक्षित वाटतं. फळी जितकी उंच तितकं मागून येणारं पाणी कमी.

फळी आतून तपासा. वल्ह्यांच्या होडीच्या फळीवर कधी भार आलेला नसतो. फायबरच्या आतलं प्लायवुड ओलं होऊन कुजलेलं असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. लाकडी मोगरीने हलकेच ठोकत जा. टणक आवाज यायला हवा. जिथे भद्द आवाज येतो तिथे आत कूज आहे, आणि ती काढल्याशिवाय कुठलंही मशीन लावू नका. क्लॅम्पचे दोन स्क्रू घट्ट पिळले म्हणून निश्चिंत राहू नका, थरथरीने ते सैल होतात. आरपार बोल्ट घाला, आणि मशीन ते होडी अशी एक जाड दोरी किंवा साखळी कायमची बांधून ठेवा. खाडीच्या गाळात पडलेलं मशीन मी तीनदा काढलंय. प्रत्येक वेळी दोरी नव्हती.

पंख्याबद्दल दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे थांबतो. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, इंचात. पहिला व्यास. दुसरा पिच, म्हणजे घट्ट पदार्थात स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात पंखा किती पुढे गेला असता ते. दुकानातलं मशीन बहुतेकदा हलक्या, पळणाऱ्या बोटीसाठीचा जास्त पिचचा पंखा लावून येतं. तुमच्या जड, संथ होडीला तो म्हणजे भरलेली रिक्षा तिसऱ्या गिअरमध्ये चढावर उचलणं. मशीन गुदमरतं, काजळी धरतं, दोन वर्षांत म्हातारं होतं. कसोटी अशी: नेहमीच्या वजनासह होडी घ्या, मोकळ्या पाण्यात पूर्ण मूठ पिळा आणि टॅकोमीटर लावून आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते बघा. मशीनच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची पट्टी दिलेली असते, बऱ्याच लहान फोर-स्ट्रोकना ५००० ते ६००० अशी. त्या पट्टीच्या खाली राहिलात तर पिच कमी करा. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. टॅकोमीटर मेकॅनिककडे असतो, प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा असला तरी चालतो.

काही कंपन्या ९.९ मध्ये जड होड्यांसाठी वेगळं मॉडेल काढतात. उदाहरणार्थ, यामाहाच्या साध्या एफ ९.९ ला गिअरचं प्रमाण २.०८ आहे, तर टी ९.९ या हाय-थ्रस्ट मॉडेलला २.९२. म्हणजे पंखा हळू फिरतो, पण मोठा असतो आणि पाणी घट्ट धरून ढकलतो. तुमच्या कामासाठी मला तेच जास्त आवडतं. मिळालं तर तेच घ्या. मिळालं नाही तर साधं ९.९ आणि कमी पिचचा पंखा.

एक गोष्ट १५ च्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुझुकीची ९.९, १५ आणि २० ही फोर-स्ट्रोक मशीनं एकाच ३२७ सीसीच्या इंजिनावर आहेत, वजनही सारखं, चव्वेचाळीस किलोच्या आसपास. अशा वेळी ९.९ आणि १५ मध्ये किमतीचा फरक थोडा असेल आणि तुम्ही वरचेवर पाच-सहा माणसं नेत असाल, तर १५ घेऊन कमी पिचचा पंखा लावणं चुकीचं नाही. फक्त पूर्ण मूठ पिळायची सवय लावू नका.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? यावर बंदरावर भांडणं होतात. टू-स्ट्रोक हलकं: १५ एचपीचं छत्तीस किलोच्या आसपास, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पंचेचाळीस ते पन्नास. ओहोटीला चिखलातून खांद्यावर मशीन न्यावं लागतं तिथे हे दहा-बारा किलो कंबरेला कळतात. ते साधं आहे, कार्ब्युरेटर उघडून कुणीही साफ करतो. पण पेट्रोल जास्त पितं. माझ्याकडच्या गिऱ्हाइकांच्या हिशोबात रोजच्या चालीला फोर-स्ट्रोक तासाला सुमारे एक लीटर वाचवतं. दिवसाला चार तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे शंभर लीटर. लीटरला शंभराच्या वर भाव आहे, म्हणजे महिना दहा हजार. रोज धंदा करणाऱ्याला किमतीतला फरक लवकर सुटतो. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला कधीच सुटत नाही. तुमचे मेहुणे रोजचे, म्हणून फोर-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक आडवं ठेवताना पुस्तिकेत दाखवलेल्या बाजूवरच ठेवा, नाहीतर क्रँककेसमधलं तेल सिलिंडरमध्ये उतरतं. टू-स्ट्रोक घेतलंत तर तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीच्या टीसी-डब्ल्यू३ शिक्क्याचंच. स्कूटरचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनलेलं असतं.

आता चिखलाकडे येतो. मशीन निवडताना माझी पहिली अट हीच असते: पाण्याच्या पंपाचं किट आपल्याकडे दोन दिवसांत मिळतं का? आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर अडकवलेलं हे मशीन, खाडीचंच पाणी आत ओढून थंड होतं. पाणी ओढणारा इम्पेलर म्हणजे तळहातात मावणारं रबरी चक्र, बहुतेक लहान मशीनांत सहा पात्यांचं. गेल्या भाद्रपदात ऐरोलीकडचं एक मशीन आलं, तक्रार एवढीच की मागून सुटणारी पाण्याची धार बारीक झालीय. खालचा भाग उतरवला. पंपाच्या डबीत राखाडी गाळ कोरड्या दह्यासारखा बसलेला. पुसल्यावर स्टीलच्या आतल्या भिंतीवर नखाला लागतील अशा चऱ्या. इम्पेलरच्या सहापैकी चारच पात्या उरलेल्या, त्याही एका बाजूला वाकून कडक झालेल्या. मालकाला वाटलं नवा इम्पेलर टाकला की झालं. पण दोन पात्या गेल्या कुठे? त्या पाण्याच्या वाटेने वर जातात. थर्मोस्टॅट उघडला तर एक तुकडा तिथेच आडवा, भोवती मीठ पांढरं दगडासारखं जमलेलं. दुसरा तुकडा वरच्या नळीत. ते काढले नसते तर नव्या इम्पेलरनेही इंजिन तापून जाम झालं असतं. पात्या मोजायच्या, आणि कमी असतील तेवढे तुकडे हातात येईपर्यंत मशीन परत जोडायचं नाही, हा माझा नियम.

म्हणून खाडीत चालणाऱ्याने इम्पेलर दरवर्षी बदलावा, चांगला दिसत असला तरी. रोज परतल्यावर पिंपात गोडं पाणी भरून मशीन त्यात दहा मिनिटं मंद चालवावं. उथळात असताना मशीन थोडं वर उचलून चालवता येतं, पण पाणी ओढायच्या जाळ्या पाण्याखाली राहायला हव्यात आणि मूठ अगदी हलकी. धारेवर नेहमी एक डोळा. धार थांबली की मशीन लगेच बंद, नांगर टाका, मग कारण शोधा. नव्वद टक्के वेळा प्लास्टिकची पिशवी जाळीवर चिकटलेली असते. तीच पिशवी पंख्याला गुंडाळली की मशीनचा आवाज वाढतो आणि होडी मंदावते. तेव्हा जोर करू नका. बंद करा, उचला, कापा. लहान मशीनांत पंख्यामागे शिअर पिन असते, खुंटाला आपटलं की ती तुटून गिअर वाचवते. दोन जादा पिना आणि एक पकड मशीनच्या टोपाखाली कायम बांधून ठेवा.

महिन्यातून एकदा पंखा काढून त्याच्या मागे बघा. नायलॉनचा बारीक दोरा तिथे गुंडाळून बसतो, केसासारखा, दिसतही नाही, आणि फिरता फिरता शाफ्टचं ऑइल सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं. खालचा स्क्रू उघडल्यावर तेल चहासारखं दुधाळ निघालं तर समजा सील गेलं. शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी हे तेल बदलायचं, आणि भरताना खालच्या भोकातून वर ढकलत भरायचं, म्हणजे हवा अडकत नाही. खाली लावलेली राखाडी धातूची वडी, अॅनोड, गंजायलाच ठेवलेली असते. तिला रंग लावू नका. खाऱ्या पाण्याला जस्त चालतं, आपल्या मचूळ पाण्याला अॅल्युमिनियम बरं. अर्धी झिजली की बदला.

पेट्रोलची चिंता अलीकडची, पण मोठी. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि खाडीवर ओल किती ते वेगळं सांगायला नको. पुरेसं पाणी मिसळलं की इथेनॉल पाण्यासह टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि मशीन पहिल्यांदा तेच ओढतं. त्यामुळे घेताना विक्रेत्याकडून या मॉडेलला २० टक्के चालतं का ते लेखी घ्या. पेट्रोल आठवड्यापुरतंच आणा, टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि मशीन यांच्या मध्ये बसवा. कार्ब्युरेटरचं मशीन असेल तर शेवटी पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे जेटमध्ये डिंक जमत नाही. वर्षभर पडून राहिलेल्या, फक्त पावसाळ्यातल्या पुरासाठी ठेवलेल्या बचावाच्या बोटींची मशीनं ऐन वेळी सुरू न झाल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. कारण नेहमी तेच: जुनं पेट्रोल. कुणाचा जीव त्यावर असतो, म्हणून हे कळकळीने लिहितोय. महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा.

जुनं मशीनच घ्यायचं झालं, ४० नव्हे, एखादं ९.९, तर थंड असताना बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेलं मशीन बघू नका. सिलिंडरातला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावा. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. गिअरचं तेल थोडं काढून रंग बघा. इंजिनाच्या डोक्याजवळ रंगाचे फोड आले असतील तर आतून गंज आहे. वीस मिनिटं पाण्यात चालवून धार गरम पण सलग आहे ना ते हाताने बघा. मशीनवरचा नंबर बिलाशी जुळत नसेल तर कितीही स्वस्त असो, उठून या.

लाल दोरी. किल-कॉर्ड. तिचं एक टोक मशीनच्या बटणाला, दुसरं तुमच्या मनगटाला किंवा जॅकेटला. ती ओढली गेली की मशीन बंद पडतं. ती बांधायला सगळे कंटाळतात. करावे गावाच्या बाजूला एक तरुण मूठ धरून उभा होता. दोरी मशीनवर लटकत होती. लाटेच्या धक्क्याने तो पाण्यात गेला. मूठ सुटली की लहान मशीन एका बाजूला वळतं, आणि होडी त्याच्याभोवती गोल फिरत राहिली, पंखा खाली फिरत. शेजारच्या होडीतल्या नाखव्याने दोर फेकून त्याला ओढलं म्हणून तो आज आहे. मेहुण्यांना मशीन देताना पहिल्या दिवशी हेच शिकवा, सुरू करण्याआधी.

विजेवर चालणारं मशीन घ्यावं का, हेही लोक विचारतात. शांत आहे, आणि ऐरोली ते वाशी पुलाच्या पट्ट्यात पश्चिमेच्या काठाला २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे आवाज नसलेलं बरंच. पण १ किलोवॅटचं मशीन म्हणजे साधारण ३ एचपीच्या पेट्रोल मशीनचं काम. सुकतीत रोजच्या धंद्याला त्याच्या बॅटरीवर मी आज भरवसा ठेवणार नाही. भांगात काठाकाठाने फिरणाऱ्याला चालेल. लांब दांड्याची डिझेल इंजिनं उथळ पाण्याला छान, पण आपल्याकडे त्यांचे सुटे भाग शोधत बसावं लागतं.

कागदांचं एवढंच. मशीन बसलं की होडी बिगरयांत्रिकी राहत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी बंदीतून बिगरयांत्रिकी नौकांना मिळणारी सूट मग लागू होत नाही, आणि नोंदणीतही बदल करावा लागतो. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात खरेदीच्या आधी जा. अनुदानाच्या योजना चालू असल्या तर त्यांना बहुधा आधी मंजुरी आणि मग बिल असा क्रम लागतो, उलटा केला की पैसे जातात. पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा, तो मेरीटाइम बोर्डाकडे विचारा.

तर दादा, येत्या भांगात होडी चिखलावर बसलेली असताना फळीची उंची ओळंब्याने आणि रुंदी टेपने मोजा, मोगरीने ठोकून बघा. पुढच्या उधाणाला सोडण टाकून प्रवाह मोजा. हे आकडे आणि मागच्या बाजूचे दोन फोटो पाठवा, म्हणजे शॉर्ट की लाँग आणि पंख्याचा पिच किती ते मी नेमकं सांगतो. तोवर ४० वाल्याला बयाणा देऊ नका.